साय

मृणाल तांबवेकर त्या लग्नाला गेली नाही, कारण नवरीनेच तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. नवरी तिची जुळी बहीण होती.

केतकीने ते फोनवर सांगितलं नाही. त्यासाठी ती पुण्याहून विट्याला आली, मृणालच्या भाड्याच्या घरात ओट्याला टेकून उभी राहिली, आणि चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाली, "मृण, तू आलीस तर सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"मी आधी कशी दिसत होते ते."

मृणाल कप विसळत होती. तिने नळ बंद केला. "निनादला तरी माहीत आहे ना?"

"नाही. त्याला नाही आणि त्याच्या आईलाही नाही. त्यांना वाटतं मी अशीच आहे." केतकीने आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. गोरे, एकसारखे, कुठे डाग नाही. "तुला बहीण आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. मग मीही सांगितलं नाही."

"आणि अप्पा?"

"अप्पा गप्प बसतील. ते नेहमीच गप्प बसतात."

वडिलांबद्दल हे खरं होतं.

दोघी एकबीज जुळ्या. एकाच पेशीचे दोन भाग होऊन जन्मलेल्या. रंग चांगला सावळा. आई म्हणायची, माझ्या पोरी म्हणजे तव्यावर जरा जास्त वेळ राहिलेल्या भाकऱ्या, पण चव विचारा! लहानपणी गल्लीतल्या बायका दोघींना ओळखण्यासाठी एकीला हाक मारून बघायच्या. जी वळेल ती ती. बऱ्याचदा दोघीही वळायच्या.

एकोणिसाव्या वर्षी केतकीच्या डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरा ठिपका आला. मग बोटांच्या पेरांवर, मग मानेवर. कोड. त्याच वर्षी आई गेली. आईच्या तेराव्याला आलेल्या एका मावशीने केतकीच्या हातचं पाणी घेतलं आणि न पिता खिडकीत ठेवून दिलं. केतकीने ते पाहिलं. मृणालने केतकीला पाहताना पाहिलं.

पुढे स्थळं यायची आणि जायची. केतकीची तर जायचीच, पण मृणालचीही जायला लागली. "जुळ्या आहेत म्हणे. एकीला आहे म्हणजे दुसरीला आज ना उद्या उठणारच." मृणालच्या अंगावर कधीही डाग उठला नाही. पण त्या लोकांना ते कोणी पटवायचं? तिने शिक्षण पुरं केलं, विट्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागली आणि लग्नाचा विषय हळूहळू घरातून उठून गेला.

मग 'साय' आली.

सुरुवातीला साय खरोखरच औषध होतं. कोड झालेल्या माणसाच्या पांढऱ्या डागात रंग भरणं फार अवघड असतं, कारण तिथल्या रंगपेशीच मेलेल्या असतात. म्हणून काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. डाग गडद करता येत नाहीत, तर उरलेली कातडी डागांइतकी फिकी करावी. सगळं अंग एका रंगाचं झालं की डाग कुठे उरला? यासाठी त्यांना जो खटका सापडला तो एक इवलंसं प्रथिन होतं. नाव रॅब-२७ए.

मृणाल हे दरवर्षी बारावीच्या वर्गात शिकवायची. फळ्यावर एक मोठी पेशी काढायची आणि सांगायची, "पेशी म्हणजे एक गाव समजा. गावात माल एका जागी तयार होतो आणि लागतो दुसऱ्याच जागी. तो नेण्यासाठी पेशी बारीक पिशव्या करते. पिशवीला पातळ पटलाचं आवरण. आत माल. ही पिशवी वेशीपर्यंत जाते, वेशीच्या पटलात मिसळते आणि माल बाहेर सोडते. आता कुठली पिशवी कुठे जायची, हे कोण ठरवतं? पिशवीवर बसलेलं रॅब प्रथिन. ते फार साधं आहे. त्याला जीटीपी नावाचा रेणू चिकटला की ते जागं होतं, पिशवीला धरतं आणि वाहून नेणाऱ्या प्रथिनांना हाक मारतं. काम झालं की ते जीटीपीचा एक तुकडा तोडतं आणि झोपी जातं. जागं, झोप. जागं, झोप. एवढ्यावर गाव चालतं."

रंगपेशीत या पिशव्यांमध्ये काळा रंग असतो. रॅब-२७ए त्यांना पेशीच्या काठाला नेऊन बांधून ठेवतं. तिथून रंग शेजारच्या पेशींना मिळतो आणि कातडी सावळी दिसते. ते प्रथिनच नसेल तर रंग तयार होतो, पण पिशव्या पेशीच्या मधोमध गोळा होऊन पडतात. काठ रिकामा राहतो. बाहेरून माणूस गोरा दिसतो. रंग त्याच्या आतच असतो, फक्त वेशीपर्यंत पोचत नाही.

सायची पट्टी अंगावर चिकटवायची. तिच्या केसाहून बारीक सुया हे प्रथिन बनवण्याचा निरोप कातडीतच खोडून टाकायच्या. केतकीला मिळालेल्या पहिल्या पट्ट्या मृणालनेच लावल्या. पाठीवर केतकीचा हात पोचत नव्हता, म्हणून दर रविवारी केतकी पालथी झोपायची आणि मृणाल पट्ट्या लावत बसायची. हळूहळू बहिणीची पाठ दुधासारखी होत गेली. मृणालला तेव्हा आनंद झाला होता. खरोखरचा. केतकी पुन्हा बिनबाह्यांचे कपडे घालायला लागली होती, पुन्हा मोठ्याने हसत होती.

पण औषध कोड असलेल्यांपुरतं राहिलं नाही. ते राहणारच नव्हतं. दोन-तीन वर्षांत प्रत्येक ब्यूटी पार्लरच्या दारावर सायची पाटी लागली. मग 'कायम साय' आली. एकच इंजेक्शन, रंगपेशींमधला जनुकच बंद, पुन्हा पट्टीची कटकट नाही. केतकीला पुण्यात नोकरी लागल्यावर तिने ते घेतलं. तिथेच तिला निनाद भेटला.

आणि आता ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुला राग आलाय," केतकी म्हणाली.

"नाही."

"आलाय. मला कळतं तुझं."

"मग विचारतेस कशाला?" मृणाल म्हणाली. तिने विसळलेला कप पालथा घातला. "नाही येणार मी. सुखाने लग्न कर."

लग्नाच्या दिवशी तिने कॉलेजात जादा तास घेतला.

त्यानंतर केतकीचे फोन आधी महिन्याला, मग सणावारी, मग बंद झाले. तिच्याकडे कोणी असताना ती बोलू शकत नसे आणि तिच्याकडे कायम कोणीतरी असे. मृणालनेही फोन करणं सोडलं. अप्पा निवृत्त होऊन कऱ्हाडला आत्याकडे राहायला गेले. मृणाल अधूनमधून जायची. अप्पा केतकीबद्दल बोलायचे नाहीत आणि मृणाल विचारायची नाही. टीव्ही लावून दोघं जेवायचे.

वर्ग बदलत गेला. दर जूनमध्ये नवी मुलं यायची आणि दर जूनमध्ये ती जरा जास्त गोरी असायची. एका वर्षी फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मृणालच्या लक्षात आलं की अख्ख्या वर्गात सावळी आपण एकटीच आहोत. एका मुलीने अगदी मायेने विचारलं, "मॅडम, तुम्ही का नाही घेत? आता स्वस्त झालंय."

"मला नको वाटतं गं," ती म्हणाली. यापेक्षा जास्त तिला सांगता आलं नाही. खरं कारण असं होतं की आरशात पाहिलं की तिला केतकी दिसायची. ती तेवढ्याच एका ठिकाणी दिसायची.

अप्पांचा फोन आला तेव्हा ती प्रात्यक्षिकाच्या वह्या बाजूला सारून जेवायला बसली होती.

"मृणाल, केतकीला ॲडमिट केलंय पुण्यात."

"काय झालंय?"

"ताप. महिना झाला, उतरतच नाही. पोट फुगलंय, रक्त कमी झालंय. आता म्हणतायत दुसऱ्याच्या हाडातली मज्जा लागेल." अप्पा थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "सख्ख्या भावंडाची असली तर उत्तम म्हणे. डॉक्टरनी तिला विचारलं, भावंडं कोण कोण? तर नाही म्हणाली."

"नाही म्हणाली?"

"एकुलती एक आहे म्हणाली. मी तिथंच होतो, पोरी. मी काहीच बोललो नाही." आणि अप्पा फोनवर रडायला लागले. आईच्या वेळीही मृणालने त्यांना रडताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती पुण्याला गेली. बस बिनचालक होती, जवळजवळ रिकामी. कऱ्हाड, सातारा, खंबाटकी मागे पडत गेलं. केतकीने आपल्याला नाकारलं याचा राग यायला हवा होता, पण डोक्यात एकच येत होतं: मरण समोर उभं असतानाही नाही म्हणाली. किती घाबरली असेल.

डॉ. मेहरुन्निसा काझी रक्तविकारांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवायची सवय असलेल्या. मृणाल त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि काही क्षण त्या नुसत्याच बघत राहिल्या.

"तुम्ही कोण ते सांगायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "बसा."

त्यांनी पडद्यावर एका केसाचं मोठं केलेलं चित्र लावलं. "हा तुमच्या बहिणीचा केस. ती रंग लावते, पण मुळाशी चांदीसारखे आहेत. मला शंका तिथेच आली. बघा, रंग केसभर पसरलेला नाही. गोळे झालेत."

"पिशव्या काठाला पोचत नाहीत," मृणाल म्हणाली.

"बरोबर. तुम्ही या विषयातल्या का?"

"बारावीला शिकवते."

"मग पुढचं तुम्हाला लवकर कळेल. कायम साय फक्त कातडीत उतरायची होती. काहींच्या अंगात ती मज्जेपर्यंत गेली. तुमच्या बहिणीच्या गेली. आता रक्तातल्या मारेकरी पेशींचा विचार करा. विषाणू शिरलेली पेशी दिसली की त्या तिला मिठी मारतात आणि विषाच्या पिशव्या तिच्या अंगावर रित्या करतात. त्या पिशव्या वेशीला कोण पोचवतं?"

दरवर्षी फळ्यावर काढलेली ती पेशी. वेगळा माल, पण पिशवी तीच आणि खटकाही तोच.

"रॅब-२७ए."

"तेच. आता तिच्या पेशी शत्रूला धरतात, पण हातातलं शस्त्र सुटतच नाही. शत्रू मरत नाही, म्हणून त्या मदतीसाठी ओरडत राहतात. आणखी पेशी येतात, त्याही ओरडतात. साध्या विषाणूने सुरुवात झाली असेल. आता तिला जाळतोय तो हा आरडाओरडा. औषधांनी तो आम्ही तात्पुरता दाबलाय. पण नवी मज्जा मिळाली नाही तर..." डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "परक्या दात्याची मिळेल, पण ती अंगाशी भांडेल. तिच्या अशक्त शरीराला ते झेपेल असं मला वाटत नाही. तुमची भांडणार नाही. तिच्या शरीराच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे ती स्वतःच. फक्त बिघाडाच्या आधीची."

"मी तयार आहे."

"तिची संमती लागेल. मी विचारून येते."

डॉक्टर गेल्या. मृणाल खोलीत बसून राहिली. भिंतीवर कुणा बऱ्या झालेल्या लहान मुलाने काढलेलं हत्तीचं चित्र होतं. डॉक्टर परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"हो म्हणाली. तुम्ही कशा आहात ते विचारलं तिने." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि म्हणाली, तिच्या घरच्यांसमोर तुम्ही मास्क काढू नका. परक्या दाता म्हणूनच या. खरं सांगू? मला हे आवडलेलं नाही. दात्याचं नाव गुप्त ठेवणं माझं कामच आहे, ते मी करीन. पण तुम्हाला हे मान्य नसेल तर मी तिच्याशी पुन्हा बोलते."

मृणालने खिडकीबाहेर पाहिलं. खाली पार्किंगमध्ये एक माणूस दुसऱ्याची गाडी काढायला मदत करत होता, हात हलवून, ये ये म्हणत.

"मान्य आहे," ती म्हणाली.

भूल उतरल्यावर तिची कंबर ठणकत होती. तिची मज्जा पलीकडच्या खोलीत, बहिणीच्या शिरेत थेंबथेंब उतरत होती. तिथे टोपी, मास्क आणि निळा अंगरखा घालून ती गेली तेव्हा केतकी झोपलेली होती. स्टिरॉइडने चेहरा सुजून गोल झालेला. जुनी मज्जा मारायला दिलेल्या केमोने केस गळायला लागलेले. उशीवर चांदीच्या तारांसारखे ते पडले होते. मृणालने ते एकेक करून वेचले. हा माणूस आता कुणासारखाच दिसत नव्हता.

नवी मज्जा धरेपर्यंत त्या खोलीत एकाच माणसाला राहता येणार होतं. निनादला खोकला झालेला, सासूबाईंना मधुमेह. दोघांनाही डॉक्टरांनी मनाई केली. "दाता थांबायला तयार आहेत," डॉक्टर बाहेर म्हणाल्या. निनाद उंच, थकलेला माणूस होता. त्याने मास्क लावलेल्या मृणालला हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू," एवढंच म्हणाला. नाव विचारलं नाही.

दोघी बहिणी त्या खोलीत राहिल्या. इतकी वर्षं बोलायचं साठलेलं, पण बोलणं फारसं झालंच नाही. केतकीला उलट्या होत, तोंड आलेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मृणाल तिला चमच्याने पेज भरवायची, पाठ पुसायची. पुसताना तिच्या लक्षात यायचं की रविवारच्या पट्ट्या लावतानाची ही पाठ आपल्याला तोंडपाठ आहे. कुठे तीळ होता, कुठे पडल्याची खूण. तीळ आता फिकट झाला होता.

एक दिवस केतकीला जरा बरं वाटत होतं. ती म्हणाली, "तुला रोज आठवायचं का? मी तुला येऊ नको म्हणाले ते?"

"रोज नाही. पेपर तपासताना नाही आठवायचं."

केतकी हसली आणि ओठ चिरला म्हणून कण्हली. मग छताकडे बघत म्हणाली, "तुला वाटत असेल मला तुझी लाज वाटायची."

"वाटायचीच ना?"

"तुझी नाही गं. त्या मुलीची. पेला खिडकीत राहिला होता ना, त्या मुलीची. लग्नानंतर तिला मी कुठेच येऊ दिलं नाही. फोटो नाहीत, शाळेच्या मैत्रिणी नाहीत. पण तू होतीस. तू दारात आलीस की तीच दारात आली असती."

"त्या मुलीचं काय चुकलं होतं, केतू?"

केतकीने हात पुढे केला. मृणालने हातमोज्यातून तो धरला.

"बरी झाले की निनादला सांगेन," केतकी म्हणाली. "सगळं सांगेन."

"सांग."

"तो खूप चांगला आहे. म्हणूनच भीती वाटते."

मज्जा धरली. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी आधी शेकड्यांनी, मग हजारांनी दिसायला लागल्या. ताप गेला. डॉ. काझींनी एका तपासणीचा निकाल दाखवला. काचपट्टीवर केतकीच्या नव्या मारेकरी पेशी विषाणूने भरलेल्या पेशींवर तुटून पडल्या होत्या आणि पिशव्या रित्या करत होत्या. "तुमच्या पेशी," डॉक्टर म्हणाल्या, "मस्त कामाला लागल्यात." कातडी आणि केस मात्र आता बदलणार नव्हते. तिथला जनुक बंदच राहणार होता. तोवर इतर शहरांतूनही असेच रुग्ण सापडायला लागले होते आणि कायम सायवर बंदीच्या बातम्या येत होत्या.

घरी सोडायच्या दिवशी केतकी चाकाच्या खुर्चीत बसली. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. मृणाल खुर्ची ढकलत दालनात आली. समोरून निनाद आणि सासूबाई आले. सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्यावरून हात उतरवून बोटं मोडली. मग मृणालकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही देवासारख्या आलात. आमच्याच घरच्या असल्यासारखं केलंत. कोण कुठल्या तुम्ही?"

मृणालने केतकीकडे पाहिलं. निनादही केतकीकडेच बघत होता.

केतकीचे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले.

"ह्या डोनर," ती म्हणाली. "ह्यांनी मला मज्जा दिली."

दालनात कुठेतरी एक ट्रॉली खडखडत गेली.

"काळजी घ्या," मृणाल म्हणाली. "कच्चं काही खाऊ नका. बाहेरचं पाणी पिऊ नका." आयुष्यात पहिल्यांदाच तिने बहिणीला अहोजाहो केलं होतं. तिने खुर्चीची मूठ निनादच्या हातात दिली आणि जिन्याकडे वळली.

बस थांब्यावर पोचेपर्यंत तिने मास्क काढला नव्हता. तो काढून ती पिशवीत ठेवत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं.

"मृणालताई!"

तिने वळून पाहिलं. निनाद होता. त्याला धाप लागली होती. उघड्या चेहऱ्याकडे पाहून तो चपापला नाही. फक्त त्याने नजर खाली घेतली.

"तुम्हाला माझं नाव..."

"लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. अप्पांनी सांगितलं होतं. कोड, साय, तुम्ही, सगळंच. म्हणाले, फसवून मुलगी द्यायची नाही मला. पण तिला कळू देऊ नका, ती मोडून पडेल. आणि या वेळी तुम्हाला बोलावलंय, हेही त्यांनीच सांगितलं."

मृणालला क्षणभर काही ऐकूच आलं नाही. रस्त्यावरच्या गाड्या आवाज नसल्यासारख्या जात होत्या. म्हणजे अप्पा गप्प बसले नव्हते. आणि सांगून झाल्यावर गप्प बसले होते.

"मग तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"मला वाटलं ती सांगेल. एक दिवस आपणहून सांगेल. मी तिला शंभर वेळा वाट करून दिली असेल. मुद्दाम म्हणायचो, मला सावळा रंग आवडतो. ती उठून आत जायची." त्याने कपाळ पुसलं. "नंतर वाटायला लागलं की इतकी वर्षं माहीत असून बोललो नाही, आता बोललो तर तीच म्हणेल, तू माझी मजा बघत होतास. आतासुद्धा, तिथे, मला वाटलं आज सांगेल."

"मलाही वाटलं."

दोघं उभे राहिले. ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून तिला घराबाहेर ठेवलं होतं, त्यातलाच एक हा समोर उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं त्या घरात दोन माणसं एकाच गोष्टीभोवती, एकमेकांना न दिसता फिरत होती, आणि तिसरी विट्यात बसून होती. कुणासाठी?

"चला ना," निनाद म्हणाला. "ती गाडीत बसली आहे. आत्ताच सांगू. दोघं मिळून."

मृणालला जायचं होतं. पाय वळलेही. मग तिला खुर्चीच्या दांड्यावरचे ते हात आठवले.

"आज नको," ती म्हणाली. "ती आत्ता कुठे जगली आहे. घरी न्या. जरा ताकद येऊ द्या. मग तुम्ही एकट्याने सांगा, सासूबाई नसताना. आणि मला बोलवायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. तुम्ही ठरवू नका."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही."

बस आली. ती चढली.

पावसाळा गेला, गणपती गेले. कॉलेजात सहामाही परीक्षा झाली. सायवर बंदी आली तरी वर्गातली मुलं गोरीच होती, पण आता ती घाबरलेली होती. तासानंतर एकेक जण टेबलाशी येऊन हळूच विचारायचा, "मॅडम, मला काही होईल का?" पट्टीवाल्यांना फारसा धोका नव्हता. कायमवाल्यांची तपासणी करावी लागत होती. मृणाल प्रत्येकाला समजावून सांगायची, कुणाकुणाला स्वतः तपासणीला घेऊन जायची. संध्याकाळी घरी येऊन एकटीचा भात लावायची.

निनादचा फोन एका रविवारी आला. "सांगितलं," तो म्हणाला. "ती रडली नाही. काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून कऱ्हाडला गेली, अप्पांकडे. आता त्यांच्याशीही बोलत नाही म्हणे. खोलीत बसून असते." मग म्हणाला, "मी चूक केली का?"

"माहीत नाही," मृणाल म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

कऱ्हाड विट्यापासून लांब नाही. ती रोज ठरवायची आणि रोज जायची नाही. ठरवायचं केतकीने, असं आपणच म्हणालो होतो.

दिवाळीच्या आधी, दुपारी, ती चकल्यांची भाजणी चाळत होती. फोन वाजला. अप्पांचा नंबर होता. तिने पिठाच्या हातानेच घेतला.

"अप्पा?"

पलीकडून श्वास ऐकू आला. तो अप्पांचा नव्हता.

"केतू?"

"मला राग कोणाचा करावा तेच कळत नाही," केतकी म्हणाली. आवाज बसलेला होता. "अप्पांचा, निनादचा, त्या कंपनीचा. कुणाचा तरी धड करता यायला हवा ना?"

"माझा कर."

"तुझा करून झाला. एवढी वर्षं तोच करत होते. तू मुकाट्याने ऐकलंस म्हणून. भांडली का नाहीस माझ्याशी?"

"मला वाटलं, तुला सुख मिळत असेल तर..."

"नाही मिळालं," केतकी म्हणाली. "रोज आरशात बघायचे आणि वाटायचं, कुणीतरी ओळखेल. आणि ज्याने ओळखायचं तो ओळखून बसला होता. मी उगीचच, मृण. उगीचच."

चाळणीतलं पीठ ताटात सांडलं होतं. मृणाल खाली जमिनीवरच बसली.

"मी येऊ का कऱ्हाडला?"

"नको."

"बरं."

"आज नको. आज तुझ्याकडे बघवणार नाही मला."

"बरं. नाही येत."

मागून आत्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा फुलवाल्याची आरोळी. मृणालला वाटलं आता फोन बंद होईल. तिने तो कानापासून जरासा दूर केला.

"ठेवू नकोस," केतकी घाईने म्हणाली. "काही बोलू नकोस, पण ठेवू नकोस."

मृणालने फोन पुन्हा कानाला लावला आणि भिंतीला पाठ टेकली. ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर आलं. तिकडे केतकी श्वास घेत होती, इकडे ती.